शेवाळी मखमलीचा सोफा

"हा सोफा कुणी रंगवला?"

दातांच्या दवाखान्यात ताटकळत बसलेल्या सगळ्यांनी एकदम माना वर केल्या. बाबांनीही. तोंडात एकही दात उरला नसल्यामुळे 'अगं, हळू' हे त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं. पण ती कसली ऐकतेय!

कोपऱ्यात मुलांसाठी बाहुलीचं घर मांडलं होतं आणि त्यातला सोफा तिचा होता. बाजारात ढिगाने मिळतो तसला गुलाबी प्लास्टिकचा सोफा तिने घरी पॉलिशपेपरने घासला होता, पुठ्ठा चिकटवून त्याची पाठ उंच केली होती, आणि ती शिवणकाम करायची त्या पडद्यांच्या दुकानातल्या शेवाळी मखमलीच्या चिंध्या त्यावर चढवल्या होत्या. टाचणीच्या डोक्याएवढी बटणंसुद्धा! एका शाळेच्या मदतीसाठी भरवलेल्या विक्री-प्रदर्शनात तिने तो दिला, तिथून तो इथे पोचला… आणि आता त्या मखमलीवर कुणीतरी निळा ऑइलपेंट फासला होता.

"मी रंगवला," आतल्या दारातून आवाज आला.

उंच, सावळा, बोटांना पांढरी भुकटी. हा डॉक्टर नव्हता. आतल्या खोलीत कवळ्या बनवणारा कारागीर होता.

"मुलं तोंडात घालतात. कापड धुता येत नाही, रंग पुसता येतो."

"मखमलीवर ऑइलपेंट? हात कसा धजावला तुमचा?"

"खेळणं आहे हो, एवढं काय…"

खेळणं! गेल्या वर्षी तिला बघायला आलेल्या बाईही हेच म्हणाल्या होत्या, 'लग्नाच्या वयात खेळणी कसली करते?' आणि चहा अर्धा टाकून उठल्या होत्या. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"तुम्ही तरी काय मोठं करता? दात साच्यात ओतायचे नि काढायचे!"

आता त्याचा चेहरा लाल झाला. "नुसते साच्यातले बसवले ना, तर तुमचे वडील हसल्यावर शेजारीसुद्धा त्यांना ओळखणार नाहीत! पुढच्या वेळी त्यांचा जुना फोटो आणा. हसतानाचा."

"आणते!"

"आणा!"

पुढच्या आठवड्यात तिने फोटो आणला, आणि घरी नेऊन नव्याने मढवलेला सोफाही. "रेक्झिन आहे. पुसता येतं," म्हणत तिने तो त्याच्या टेबलावर आपटला.

"पाय डगमगतोय."

"अजिबात नाही!"

डगमगत होता. त्याने बारीक कानस दोनदा फिरवली, सोफा घट्ट उभा राहिला. त्याचं बरोबर निघालं म्हणून तिला जास्तच राग आला.

तिसऱ्या खेपेला तिने बाहुलीचं कपाट आणलं. त्याने दातांच्या तारेच्या इवल्याशा मुठी वळवून खणांना लावल्या. मान खाली, श्वास रोखलेला… तीही श्वास रोखून बघत होती, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

"वरची तिरकी आहे," ती घाईघाईने म्हणाली.

"नाकावर एवढा राग असला की सगळंच तिरकं दिसतं."

"माझ्या नाकाकडे बघायचं काम नाही!"

"तीन आठवडे तेच करतोय…" तो तारेशी पुटपुटला.

तिचे कान तापले. ती कानांवरही चिडली.

चौथ्या खेपेला बाबांना कवळी बसली. आरसा धरून ते हसले, आणि हसता हसता थांबले. समोरचा एक दात शेजारच्यावर किंचित चढलेला होता. आई होती तेव्हाच्या त्या फोटोत होता, अगदी तसा.

"हा मीच की गं," ते म्हणाले.

ती जिन्यात जाऊन रडली. ज्याच्यावर मनसोक्त रागवायचं होतं, त्याने असं काही करून ठेवावं म्हणजे काय!

मग कारणच उरलं नाही. बाबा सगळं चावून खात होते. कुठे टोचत नव्हतं, खुपत नव्हतं. निदान एखादी हिरडी तरी दुखायची! तिने बाहुलीचा पलंग तीनदा रंगवला, तीनदा खरवडला. अकराव्या दिवशी दुकानातून निघून ती तडक दवाखान्याचा जिना चढली.

तो एकटाच काम करत होता.

"अकरा दिवस झाले," ती म्हणाली. "एकदाही चौकशी करावीशी वाटली नाही?"

"बाबांची?"

"नाही!"

त्याने हातातलं काम खाली ठेवलं. "दोनदा तुमच्या दुकानापर्यंत आलो होतो… परत फिरलो. तुम्ही भांडाल असं वाटलं."

"भांडलेच असते! आवडत नव्हतं तर तसं सांगायचं."

"आवडत होतं. फार." त्याचा आवाज बारीक झाला. "तुम्ही… तुम्ही आवडता."

तिने राग शोधला, तो होता, पण त्याला धारच उरली नव्हती.

"मग हे इथे भुकटीत बसून काय सांगताय? उद्या घरी या. सहा वाजता. बाबांसमोर सांगा."

दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच बेल वाजली. तिचे केस अजून ओलेच होते. तिने दार उघडलं.

"सहा म्हटलं होतं ना मी!"

"अर्धा तास भांडायला ठेवलाय," तो म्हणाला.

तिने त्याला दंडाला धरून आत ओढलं.