ताठ माणसाचं माप

"हुक तुटलंय. लावून मिळेल?"

वर बघितलं तर दारात एक माणूस. एका हाताने तपासायच्या वह्यांचा गठ्ठा छातीशी धरलेला, दुसऱ्या हाताने पँट. चेहरा मात्र असा शांत, की पँट धरून रस्त्याने चालणं जणू रोजचंच.

"मिळेल की," मी म्हटलं. "पण पँट उतरवावी लागेल."

"इथे?"

"पडद्यामागे, सर. इथे माझी आत्या बसते."

काज करत बसलेली आत्या खुदकन हसली, सर कानापर्यंत लाल झाले, आणि मला... जाऊ दे. तेव्हा मला काय वाटलं ते मी बरेच दिवस स्वतःलाही सांगितलं नाही.

दुकान बाबांचं. त्यांचे गुडघे गेले आणि मशीन माझ्याकडे आलं. अकरा वर्षं मी पुरुषांच्या पँटी शिवते आणि माझी एकही पँट परत आलेली नाही, असं मी येईल त्याला ऐकवत असे. या माणसाने महिन्याभरात माझा तो तोरा उतरवला. हुक लावल्यावर त्याने नवीन पँट शिवायला टाकली, आठवड्याने घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

"उजवीकडे जरा... लागते."

मी कंबर अर्धा इंच सैल केली. तो परत आला. उजवी बाजू उसवून खाली घेतली. परत आला. वैतागून दुसरी पँट नव्याने बेतली, सकाळी दिली, तर संध्याकाळी स्वारी दारात! आत्याने त्याचं नावच 'परतपावली' ठेवलं.

बरं, माप चुकावं तर तेही नाही. माप घेताना तो खांब रोवल्यासारखा ताठ उभा राही, श्वास रोखून. टेप फिरवताना माझी बोटं त्याच्या शर्टाला लागत. मग तो छताकडे बघे आणि मी उगाचच खडूकडे...

"श्वास घ्या की, सर."

"तुम्ही बाजूला व्हा, मग घेतो."

"टेप चावत नाही कुणाला."

"टेपला कोण घाबरतंय?"

असलं काहीतरी बोलायचं, डोळ्यांत हसायचं आणि दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन यायचं! रात्री जेवताना मी त्याच्या नावाने बोटं मोडायचे आणि सकाळी केस दोनदा विंचरायचे. आत्या सगळं बघत होती.

तिसरी पँट परत आली तेव्हा मात्र माझा पारा चढला. "सर, तुम्हाला पँट शिवून हवीय की माझी परीक्षा घ्यायचीय? नेमकं लागतं कुठे ते एकदा धड सांगा ना!"

त्याने पँटीची घडी हळूच टेबलावर ठेवली. "चूक तुमची नाही. राहू दे आता. मोठ्या बाईंना सांगतो, वर्ग दुसऱ्या कुणाला द्या."

"वर्गाचा काय संबंध?"

"महिनाभर नाडीची विजार घालून शिकवतोय. पालकांनी तक्रार केली. सोमवारी नीट पँट घालून आलो नाही, तर मला कचेरीत टेबलामागे बसवणार आहेत. गणित शिकवताना तेवढं बाकीचं विसरायला होतं... असो."

तो गेला. माझा राग धुमसतच होता. दोन मिनिटांनी लक्षात आलं, वह्यांचा गठ्ठा इथेच राहिला. उचलला आणि मागे धावले.

कोपऱ्यावर तो भिंतीला टेकून उभा होता. कुणी बघत नाही असं वाटून तो उजवीकडे वाकला होता. खांदा चांगला दोन इंच खाली, हात जांघेवर दाबलेला, डोळे मिटलेले. मी बघतच राहिले. ज्या ताठ माणसाचं मी माप घेत होते तो माणूस अस्तित्वातच नव्हता!

"सर!"

तो दचकून ताठ झाला.

"नाही! पुन्हा वाका. होतात तसे उभे राहा."

"भर रस्त्यात?"

"भर रस्त्यात!"

तो नाइलाजाने वाकला, आणि मग सगळं बाहेर आलं. दीड वर्षापूर्वी हर्नियाचं ऑपरेशन, आत जाळी बसवलेली. हर्निया गेला, दुखणं राहिलं. बसलं की आग, खोकलं की सणक, कंबरपट्टी टेकली की संपलंच. तपासण्या सगळ्या नॉर्मल. गोळ्या घेतल्या की फळ्यासमोर पेंग येते.

"डॉक्टर म्हणतात, जाळी आहे तिथेच आहे. मी म्हटलं, तीच तर तक्रार आहे." तो कसनुसं हसला. "घरी सांगितलं की आई रडते आणि दादा नवीन डॉक्टर सुचवतो. मग मी सांगणंच सोडलं."

"ते घरी झालं. पण मी टेप घेऊन समोर उभी असताना का नाही सांगितलंत? तीन पँटी, सर! तीन!"

"टेप घेऊन तुम्ही समोर होतात... म्हणूनच."

"म्हणजे?"

"म्हणजे... आवडणाऱ्या मुलीसमोर वाकडं कोण उभं राहतं हो?"

कानशिलं गरम झाली. रागाने की कशाने, देव जाणे. "हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगणार? हुक तुटलंय आणि तुम्ही आवडता?"

मला हसू फुटलं, पण तो गंभीर झाला. "उत्तर देऊ नका. मला सिनेमाला तीन तास बसता येत नाही, पाण्याची बादली उचलता येत नाही. हे कधी थांबेल ते कुणालाच माहीत नाही. उगाच कुणाच्या गळ्यात..."

"दुकानात चला," मी म्हटलं. "आधी माप."

त्या दिवशी तो माझ्यासमोर वाकडा उभा राहिला. मध्येच एक कळ आली तेव्हा त्याने माझा खांदा घट्ट धरला आणि सोडला नाही. मी टेप हातात धरून थांबले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "हं... घ्या पुढे."

उजवी बाजू सव्वा इंच खाली, कंबरपट्टीला आतून मऊ अस्तर, त्या जागी शिवण नाही आणि पट्ट्याऐवजी खांद्यावरून गॅलिस. रविवारभर बसून मी ती पँट शिवली.

सोमवारी संध्याकाळी आत्या म्हणाली, "आला गं परतपावली."

मी लगेच खडू उचलला. "आता कुठे लागते?"

"कुठेच नाही," तो दारातूनच म्हणाला. "सहा तास शिकवलं. मोठ्या बाई म्हणाल्या, गॅलिस शोभतात. वर्ग माझ्याकडेच राहिला."

"मग आलात कशाला?"

तो घुटमळला. "आज खूप दुखतंय," तो म्हणाला. "तेवढं सांगायला आलो."

मला एकदम ओरडावंसंच वाटलं. आणि मी ओरडलेच. "मग दारात काय उभे आहात? आणि उत्तर देऊ नका म्हणणारे तुम्ही कोण? मलाही तुम्ही आवडता! वाकडे, सरळ, कसेही! कळलं?"

आत्याची सुई थांबली. तो हसला, हसता हसता कळवळला, आणि कळवळत, तसाच वाकडा, उंबरा ओलांडून आत आला.