मोतिया रंगाचा कुर्ता

श्रीगोंद्यात गनीभाईंचं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. आठवडाभर झाला, ते कॉम्प्युटरवर पाइपांचे भाव बघायला बसले की बाजूला मोतिया रंगाच्या कुर्त्याची जाहिरात हजर. हवामान उघडलं तरी कुर्ता, बातम्या उघडल्या तरी तोच. गिऱ्हाइकं चेष्टेवर आली... गनीभाई, पुन्हा लगीन काढलं का काय? शेवटी वैतागून त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या परवेझला बोलावून घेतलं.

त्यांची लेक कैनात हिशेबाच्या वहीत तोंड लपवून बसली. कुर्ता तिनंच याच कॉम्प्युटरवर शोधला होता, ईदला द्यायला, आणि तोही याच परवेझला. प्रिंटर बिघडला म्हणून तो पहिल्यांदा दुकानात आला होता. त्यानंतर प्रिंटर जरा जास्तच बिघडू लागला. त्याची वायर कोण सैल करतं, हे फक्त तिला ठाऊक. त्यात राहुरीची मंडळी तिला बघून गेली होती आणि अब्बांना जुम्म्याला उत्तर द्यायचं होतं.

अब्बा गोदामात गेले. परवेझ तिला समजावू लागला. आपण एखादी साइट उघडली की ती ब्राउझरमध्ये कुकी नावाची बारीकशी नोंद ठेवून जाते. काही कुकी भलत्याच कंपन्यांच्या असतात, त्या आपण जाऊ तिथं मागं लागतात. सेटिंगमध्ये जाऊन त्या थर्ड पार्टी कुकी बंद करायच्या आणि साठलेल्या पुसून टाकायच्या. सांगितलं त्यानं नीट, पण एकदाही वर बघितलं नाही.

"चांगलाय कुर्ता," तो म्हणाला. "राहुरीवाल्यांना शोभंल."

कैनातला आधी हसू आलं, मग राग. "त्यांचं माप मला कुठं माहीत हाय?"

"मग... कुणाचं माहीत हाय?"

ती त्याच्या मनगटाकडे बघत राहिली. शर्टाची बाही नेहमीसारखीच आखूड पडली होती. "ज्याला कुठलीच बाही पुरत न्हाई — त्याचं."

माउसवरचा हात थांबला. त्यानं बाही ओढून खाली घेतली. ती काही पुरली नाही.

तेवढ्यात गनीभाई आले. परवेझ उभा राहिला. "चाचा, कुर्ता आता मागं लागणार न्हाई. आन्... जुम्म्याच्या आधी अम्मीला घिऊन येऊ का? कैनातसाठी."

गनीभाईंनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग लेकीकडे.

"कुर्ता तू बघत हुतीस?"

"व्हय, अब्बा. मला राहुरीला न्हाई जायचं."

"आन् प्रिंटरची वायर?"

कैनातनं मान खाली घातली. तिला फार भीती वाटत होती आणि त्याहून जास्त बरं वाटत होतं.

गनीभाई खुर्चीत बसले. मग परवेझला म्हणाले, "उद्या या, अम्मीला घिऊन." आणि कॉम्प्युटर लेकीकडे वळवला. "तो कुर्ता दाव बरं पुन्हा. नीट बघितलाच न्हाई मी."

कुर्ता आता आपणहून येणार नव्हता. कैनातनं अब्बांच्या देखत त्याचं नाव टाइप केलं.