उरलेलं यंत्र भरतं

म्बरारा शहरातल्या आमच्या इस्पितळातलं एमआरआय यंत्र फ्रिजएवढं आहे आणि साध्या प्लगवर चालतं. तान्ही बाळं त्यात फार वेळ स्थिर पडत नाहीत. म्हणून माझा प्रोग्रॅम. थोडीशी माहिती मिळाली की उरलेलं चित्र तो अंदाजाने भरतो. लग्नात झोपा काढून घरी येऊन जेवणावळीचं वर्णन करणाऱ्या काकासारखा.

त्या सकाळी कोबुसिंगये तिच्या तान्ह्या लेकीला घेऊन आली. डोक्यात पाणी साचून पोरीचं कपाळ फुगलं होतं. चित्र मिळालं तर सर्जन आजच नळी घालणार होते. उद्यापर्यंत थांबायला पोरीकडे वेळ नव्हता.

पोर यंत्रात गेली आणि वळवळली. सिस्टर क्यारिसीमाने स्कॅन अर्ध्यावर थांबवला.

पडद्यावर धूसर मेंदू उमटला. कानापाशी पांढरा डाग.

"इंजिनिअरसाहेब, हे काय? सकाळचं केळ्याचं मटोके सांडलंत?" सिस्टरने टोमणा मारला.

"पोर हलली, त्याचा डाग."

हलल्यामुळे बिघडलेली माहिती मी काढून टाकली. डाग पुसट व्हायला हवा होता. त्याला बोटं फुटली.

"बाई, हात बाहेर काढा!" सिस्टर ओरडली.

"माझे हात तिच्या पायांवर आहेत, सिस्टर."

खरंच होते.

मी आणखी माहिती काढून टाकली. मेंदू विरघळत गेला, हात स्पष्ट होत गेला. लांब बोटं कवटीवर पसरलेली. प्रत्येक बोटाला एक पेर जास्त. मी मोजली. सिस्टरनेही मोजली, आणि टोमणा मारला नाही.

"पुन्हा घेऊ," मी म्हणालो. "अख्खं. अंदाज नकोच."

"ती पडून राहील?" सिस्टरने विचारलं.

ती राहिली. इतकं स्थिर बाळ मी पाहिलं नव्हतं.

या वेळी चित्र लख्ख आलं. सगळी माहिती खरी, माझा प्रोग्रॅम बंद. हात नव्हता.

कवटीच्या मऊ कडेला पाच खळगे होते.

फोन वाजला. सर्जन म्हणाले, "उत्तम चित्र. आणा पोरीला."

यंत्रापाशी पाठमोरी वाकलेली कोबुसिंगये लेकीला पायांकडून हळूच ओढत होती. पोरीचं डोकं आत होतं, आईला दिसत नव्हतं.

"सिस्टर," ती हसून म्हणाली, "झालं ना? मग आता सोडा तिचं डोकं."

सिस्टर माझ्या शेजारी, पडद्यापाशी उभी होती.