हिरवी टिकली

आमच्याकडं मिनेसोटात म्हाताऱ्या माणसाचं घर आवरायला घेतलं की सख्खी भावंडं एकमेकांच्या उरावर बसतात. म्हणून चिकटणाऱ्या रंगीत कागदी टिकल्या. ज्याला जे हवं, त्यानं त्या वस्तूच्या बुडाला आपल्या रंगाची टिकली चिकटवायची. टिकली लागली की बाकीच्यांनी हात लावायचा नाही. मी लाल, धाकटा डेनिस निळा, शेंडेफळ लोर्ना पिवळी. पाकिटात हिरव्याही होत्या. त्या हिरव्यांचं पान मी तसंच गाडीत टाकलं.

शनिवारी आईला वृद्धाश्रमात न्यायचं होतं. तिघांकडंही तिला ठेवायला जागा नव्हती. म्हणजे जागा होती हो. विषय कुणी काढत नव्हतं.

डेनिस माळ्यावर, मी तळघरात. घर तापवणारी भट्टी घरघरत होती. ओल्या लोकरीचा अन् जुन्या बटाट्यांचा वास. फळ्यांवर आईच्या बिटाच्या बरण्या. कोपऱ्यातली बर्फावरची छोटी घसरगाडी कचऱ्यात टाकायला उचलली, तर खाली हिरवी टिकली.

"डेन्या, थट्टा पुरे हं!"

"मी इथं धुळीनं मरतोय, दादा! आणि हिरव्या तर तुझ्याकडं आहेत ना?"

गाडीत जाऊन बघितलं. पान अख्खं. एकही कमी नाही.

दुसऱ्या दिवशी आणखी निघाल्या. आंघोळीच्या फुटक्या बादलीला, कसर लागलेल्या घोंगडीला, आईच्या मोडक्या झुलत्या खुर्चीला. आम्ही तिघांनी नको म्हटलेलं तेवढंच. एका लहानशा लाल बुटाच्या तळव्यालासुद्धा.

"भंगारावर कुणाचा एवढा जीव जडला बाई?" लोर्ना हसली. मग तिनं बूट हातात फिरवला अन् हसू गेलं. "दादा, हा माझा नाही. कुणाचा आहे?"

कॉफी पिताना आईनं विचारलं, "छोटीला मिळालं का काही?"

"तिनं शिवणयंत्र लाटलं की," डेनिस म्हणाला.

"लोर्ना नाही रे. तळघरातली छोटी."

एवढंच बोलून आईनं टोस्ट कॉफीत बुडवला. पुढं कुणी विचारलं नाही. मीही नाही.

शनिवारी सकाळी दिवे बंद करायला खाली उतरलो. भट्टीशेजारी घोंगडी अंथरलेली. त्यावर खुर्ची, बाजूला बादली, घसरगाडी, बूट. नवा संसार मांडावा तसं नीट. आईचे गुडघे गेल्यापासून ती जिना उतरलेली नाही. लोर्ना अन् डेनिस तर गाडीत बसून हॉर्न वाजवत होते.

मी वर आलो. आई स्वयंपाकघरात अंगात कोट घालून बसली होती. अनवाणी.

"काय गं, बर्फात अशी येणारेस?"

मी खाली बसलो, तिचा पाय मांडीवर घेतला, मोजा चढवायला लागलो.

टाचेखाली हिरवी टिकली.

कडा कोऱ्या. सकाळपासून ती त्याच पायानं घरभर फिरली होती.

मी नख लावलं. आईनं पाय मागं घेतला.

"टिकली लागली की हात लावायचा नाही," ती म्हणाली. "नियम तुमचाच ना?"

बाहेर हॉर्न वाजला. आई दाराकडं बघतच नव्हती. ती तळघराच्या जिन्याकडं बघत होती, कुणीतरी हाक मारल्यासारखी.

"मोजे राहू दे, बाळा," ती म्हणाली. "खाली ऊब आहे."