आडनाव मागाहून

राजवाड्याच्या भिंतीवरच्या निळ्या-पिवळ्या नक्षीदार टाइल्स एका फोटोत मावेनात, म्हणून दीप्ती मागे मागे सरकत गेली आणि थेट कुणाच्या तरी पायावर उभी राहिली.

“सॉरी, जोयुं नहीं!” पाहिलंच नाही, असं गुजरातीत तिच्या तोंडून निघालं. बडोद्याची मराठी मुलगी ती; घराचा उंबरा ओलांडला की जीभ आपोआप गुजराती व्हायची.

“वांधो नहीं,” तो हसला. “बीजो पग पण छे!”

दुसराही पाय आहे म्हणे! दीप्तीला हसू आवरेना.

त्याचं नाव अनीश. मग रविवार आला, की दोघं राजवाड्याच्या बागेत. कातरलेल्या मेंदीच्या कुंपणांमधून, कारंज्याभोवती नुसती भटकंती. आडनाव विचारायचं कुणाला सुचलंच नाही. तो बोलता बोलता थांबायचा, तिच्याकडे बघायचा... आणि टाइल्सवरच्या वेलबुट्टीबद्दल भलतंच काहीतरी विचारायचा. दीप्ती पार विरघळून गेली होती.

अडचण होती ती बाबांची, म्हणजे सुभानरावांची. त्यांचे पणजोबा गायकवाडी पलटणीत होते, आणि जावई मराठीच हवा असा त्यांचा हट्ट. त्यात अनीश नोकरीसाठी सुरतला चाललेला. गप्प बसलं तर माणूस हातचा जाणार. दीप्तीनं ठरवलं – आज त्याला सांगायचं, घरी गेल्यावर बाबांना. घरात महाभारत झालं तरी बेहत्तर!

कारंज्यापाशी तिनं त्याला थांबवलं. “अनीश... मने तमे गमो छो. बहु.”

आवडता म्हणून सांगून टाकलं एकदाचं! अनीशचा चेहरा आधी फुलला, मग पडला. कपाळाला हात लावून तो स्वतःशीच पुटपुटला, “झालं! मुलगी गुजराती आहे, हे आता आईच्या गळी कसं उतरवू?”

दीप्ती उडालीच. “तुम्ही... मराठी?”

“म्हणजे तुम्ही पण?”

हसून हसून दोघांना बाकावर बसावं लागलं. आडनावंही तिथेच एकमेकांना सांगून झाली.

“बाबांशी भांडायची केवढी तयारी केली होती मी!”

“मी पण, आईशी. ती नाही म्हणाली असती, तरी... तुम्हाला सोडणार नव्हतो.”

दीप्तीचे कान तापले.

“आता सोपंच झालं,” अनीश म्हणाला. “घरी जाऊन माझं आडनाव सांगून टाका.”

“मुळीच नाही!” ती उठलीच. “मी तुम्हाला निवडलं तेव्हा आडनाव कुठे माहीत होतं? बाबांना एवढंच सांगणार – मुलगा मला आवडलाय, सुरतला चाललाय, गुजराती झकास बोलतो. ते हो म्हणाले, की मग आडनाव.”

“आणि नाही म्हणाले तर?”

“तर भांडेन,” त्याचा हात घट्ट धरत ती म्हणाली. “तयारी झालीच आहे.”