नुबियाच्या गाडीची मागची सीट

नुबिया बसली मात्र, गुलाबी स्कूटरने एक लांब सुस्कारा सोडला. मागचे शॉकअप पार खाली गेले, मडगार्ड चाकाला टेकलं, आणि दुकानातली सगळी माणसं एकाएकी छताचे पंखे बघू लागली.

“बायकांना हीच शोभते,” विक्रेता घाईघाईने म्हणाला. “हलकी, नाजूक...”

“आणि मी नाजूक आहे, हे तुम्हाला कुठून दिसलं?” नुबियाने हसत विचारलं.

विक्रेता स्कूटरचा आरसा पुसू लागला. तेवढ्यात सुट्या भागांच्या काउंटरपाशी उभा असलेला एक किडकिडीत माणूस, हातातल्या क्लचप्लेटकडे बघत, स्वतःशीच बोलावं तसं बोलला, “उतरवा हो तिला. रडतेय बिचारी.”

नुबियाने मान वळवली.

“कोण रडतंय? मी?”

“नाही, नाही!” त्या माणसाचे कान लालभडक झाले. “स्कूटर... स्कूटर रडतेय. मी तिच्याबद्दल...”

नुबिया असं हसली की दारावरची घंटासुद्धा किणकिणली असेल. ती उतरली, स्कूटरची सीट थोपटली आणि त्या माणसासमोर जाऊन उभी राहिली. तो तिच्या खांद्याला लागत होता.

“गाड्यांच्या मनातलं कळतं का तुम्हाला?”

“मनातलं नाही,” तो म्हणाला. चष्मा घसरला होता, तो त्याने मनगटाने वर ढकलला. “कमरेतलं कळतं. माझं गॅरेज आहे, चौकाच्या खाली. एलियेसर म्हणतात मला.”

“मग एलियेसर, मला गाडी निवडून द्या. मला वर डोंगरात जायचंय.”

काम खरंच डोंगरातलं होतं. नुबिया गुरांना लस टोचायची. उंच, रुंद, दणकट बाई. गुडघ्यांत वासरू धरलं की वासरू आपण होऊन शांत व्हायचं. आजवर ती मोन्तेब्राव्हो गावाच्या खालच्या गोठ्यांतून पायी फिरत होती. आता वरच्या पट्ट्यातली सगळी गोठाणं तिला मिळणार होती. म्हातारा लसवाला थकला होता. पण गुरेवाल्यांच्या संघाचे चिटणीस आबेलार्दो यांनी एकच अट घातली होती. कार्मेन माउलीच्या सणानंतरच्या सोमवारी स्वतःच्या गाडीवर वर यायचं, नाहीतर काम दुसऱ्याला. आणि नुबियाने आजवर सायकलसुद्धा चालवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती गॅरेजात गेली, तर एलियेसरने एक काळी धूड गाडी पुसून, चमकवून मध्यभागी उभी केली होती. रानरेड्यासारखी.

“ही तुमच्यासाठी,” तो म्हणाला. “हिचं इंजिन बघा. तुमचं हिला काहीच वाटणार नाही.”

नुबिया बसली. गाडी हलली नाही, सुस्कारली नाही. दोघी एकमेकींना शोभत होत्या. एलियेसर समाधानाने हसला. मग नुबियाने स्टँड काढला, गाडी जराशी डावीकडे कलली... अजून जराशी... आणि दोघी सावकाश, मोठ्या घरंदाजपणे, जमिनीवर आडव्या झाल्या.

“लागलं का? अहो, लागलं का?” एलियेसर धावला.

“मला नाही लागलं. हिला विचारा, हिच्या मनातलं तुम्हाला कळतं.”

दोघांनी मिळून गाडी उचलायला घेतली, तेव्हा एलियेसरच्या मानेच्या शिरा फुगल्या. अखेर शेजारच्या सुताराला हाक मारावी लागली. गाडी उभी झाल्यावर नुबियाने गुडघ्यावरची धूळ झटकली.

“एलियेसर, एक सांगा. मी जड आहे म्हणून गाडीही जडच हवी, हे कुणी ठरवलं?”

“म्हणजे... मला वाटलं... मोठ्या माणसाला मोठी...”

“वर रानात आम्ही दोघी अशा आडव्या झालो, तर उचलणार कोण? गाई?”

एलियेसर हसायलाच लागला. त्याचं हसणं नुबियाने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. बिनआवाजाचं, नुसते खांदे हलणारं. तिला ते आवडलं. का, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

मग तिनेच गॅरेजभर फेरी मारली. एकेका गाडीवर बसली. हिच्यावर गुडघे हँडलला लागतात. हिची सीट एवढीशी, मी निम्मीसुद्धा मावत नाही. हिच्यावर पाय नीट टेकतात, पण हात लांब ताणावे लागतात. शेवटी कोपऱ्यात, पोत्याखाली, एक निळी, दोनशे सीसीची गाडी सापडली. कधीकाळी दूधवाल्याची असावी. सीट लांब आणि सपाट, चाकं उंच, रंग उडालेला. नुबिया बसली. दोन्ही तळवे जमिनीवर पक्के टेकले. गुडघे मोकळे राहिले. तिने गाडी एकीकडे कलवली आणि नुसत्या मांडीच्या जोरावर परत सरळ केली.

“ही,” ती म्हणाली.

“ही? अहो, जुनी आहे ती. दिसायलाही...”

“मी हिच्यावर बसून आरशात थोडीच बघणार आहे? फक्त मागून जरा दबतेय. तेवढं करा.”

“करतो. मागे जाड स्प्रिंग घालतो. पण त्यासाठी मला... ते...” एलियेसर स्क्रूड्रायव्हरशी खेळू लागला. “म्हणजे साधारण... अंदाजे...”

“माझं वजन हवंय?”

“अंदाजे चालेल!”

“अंदाजे कशाला? चला.”

ती त्याला घेऊन थेट कॉफी खरेदी केंद्रावर गेली. तिथला अंसेल्मो पोती तोलत बसला होता. नुबियाने पायातले गमबूट काढले आणि पोत्यांच्या काट्यावर चढली. रांगेतले शेतकरी टोप्या मागे सारून बघू लागले.

“अरे वा,” अंसेल्मो म्हणाला, “पहिल्या प्रतीचा माल! भाव काय लावू?”

“माल विकाऊ नाही, अंसेल्मोकाका. काटा बघा आणि मोठ्याने सांगा. या साहेबांना ऐकायला कमी येतं.”

“एकशे अठरा किलो!”

रांगेत कुणीतरी शीळ घातली. नुबियाने तिकडे वळून छान गुडघा मुडपून नमस्कार केला. एलियेसर मात्र हसला नाही. त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि तळहातावर आकडा लिहिला, एखाद्या मुलीने आपला पत्ता सांगावा आणि तो विसरू नये म्हणून लिहावा, तसा. नुबियाने ते पाहिलं. वासराने ढुशी द्यावी तसं काहीतरी तिच्या छातीत झालं.

शिकवणी वर फुटबॉलच्या मैदानावर चालायची. शिकवणाऱ्याने मागे बसावं, ही जगरहाटी. पण मोन्तेब्राव्होत ते शक्य नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एका दुचाकीवर मागे बसलेल्या इसमाने सोनाराचं दुकान लुटलं, तेव्हापासून नगराध्यक्षांचा हुकूम होता, की दुचाकीवर मागे पुरुष बसायचा नाही. बाई बसेल, म्हातारी बसेल, कोंबड्यांची टोपली बसेल, पण पुरुष नाही. चालवणारी बाई असेल तर तेवढे तिचा नवरा, बाप आणि मुलगा चालतील. बाकी कुणी सापडला, की गाडी उचलून ठाण्यात, आणि सुटायला पंधरवडा.

म्हणून एलियेसर बाजूने पळायचा.

“क्लच! हळू... हळू सोडा, फुलपाखरू हातात धरलंय असं समजा—”

“मी आयुष्यात फुलपाखरू धरलेलं नाही! बैल धरलेत!”

“मग झोपलेला बैल समजा!”

गाडी गचकन बंद पडायची. नुबिया शिव्या द्यायची, एलियेसर गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकायचा, आणि रोजच्यासारखा दुपारचा पाऊस डोंगरावरून खाली सरकत यायचा. मग दोघं गोलखांबाजवळच्या टपरीत गुळाचं गरम पाणी प्यायची, त्यात चीजचा तुकडा बुडवून. पत्र्यावर पाऊस वाजत असायचा. बोलायला मोठ्याने बोलावं लागायचं, म्हणून एलियेसर बहुधा बोलायचाच नाही. नुसता तिच्या ओल्या केसांकडे बघायचा आणि पकडला गेला की चष्मा पुसायचा.

“काही म्हणालात?” नुबिया मुद्दाम विचारायची.

“नाही... म्हणजे, मी म्हणत होतो... चेनला तेल...”

“चेनला तेल घालायचं. कालही हेच म्हणत होतात.”

“हो. महत्त्वाचं असतं ते.”

“मला वाटलं, दुसरं काही महत्त्वाचं असेल.”

तो गुळाच्या पाण्यात असा डोकावायचा, जणू उत्तर तळाशी बसलंय. नुबियाला घाई नव्हती. तिला बुजरी जनावरं ठाऊक होती. आपण त्यांच्या मागे धावायचं नसतं. दार उघडं ठेवून मीठ हातात धरायचं असतं.

आणि एक दिवस गाडी बंद पडली नाही. पहिला गिअर, दुसरा, तिसरा... नुबिया मैदानाला पुरा वळसा घालून आली. एलियेसर केव्हाच मागे राहिला होता आणि मैदानाच्या मध्यभागी दोन्ही हात वर करून नाचत होता, एकटाच, भर पावसात.

कार्मेन माउलीचा सण आला. चालकांची माउली ती. त्या दिवशी गावातली झाडून सगळी चाकं देवळाच्या चढावर आशीर्वादाला जातात. ट्रकांना फुगे, जीपगाड्यांना केळीची पानं, दुचाकींना झिरमिळ्या. पाणी न शिंपडलेली गाडी डोंगरात न्यायची छाती मोन्तेब्राव्होत कुणाची नाही. नुबियाने निळीला पांढरी फुलं बांधली होती. ती गॅरेजसमोर थांबली आणि एलियेसरला म्हणाली, “बसा मागे.”

“मी?”

“मला वर जाताना लशींची पेटी न्यायचीय, खुराक न्यायचाय. भार घेऊन चढ चढते का बघायला नको? तुम्ही म्हणजे साधारण एक पेटी आणि अर्धं पोतं.”

“पण सगळं गाव बघेल...”

“मग?”

“आणि तो हुकूम...”

“माउलीच्या दिवशी?” नुबिया हसली. “माउलीच्या दिवशी कोण अडवतं?”

ते खरंच होतं. गेल्या दोन्ही वर्षी सणापुरता हुकूम बासनात गेला होता. यंदाही जाईल, हे कुणी कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं. एलियेसर बसला. आधी सीटच्या कडेला धरून. मग चढ लागला, आणि मग त्याचे हात कुठे गेले, याबद्दल दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही. दुकानदार दारात येऊन ओरडत होते, “अरे एलियेसर, सावलीत बसलास की रे!” निळी गाडी मात्र न कुरकुरता चढत होती.

अर्ध्या चढावर शिट्टी वाजली.

पोलीस किनाऱ्याकडून नवीनच बदलून आला होता. सण, रिवाज, काही ठाऊक नाही. हातात हुकुमाचा कागद. मागे गाड्या उचलणारा ट्रक उभा.

“बाई, मागे पुरुष आहे.”

“दिसतोय मला,” नुबिया म्हणाली. “पण आज सण आहे, साहेब.”

“कागदावर सण लिहिलेला नाही. गाडीवरून उतरा, ती ट्रकवर चढवतो.”

नुबियाने मनात दिवस मोजले. पंधरवडा! आणि सोमवारी तर आबेलार्दो वर वाट बघणार. मागे भोंगे वाजू लागले होते. पोलिसाने कागद पुन्हा वाचला, आणि त्याला बहुधा तिची दया आली.

“नवरा, बाप, मुलगा चालतो,” तो हळूच म्हणाला. “हा कोण लागतो तुमचा?”

‘नवरा’ एवढं म्हटलं की सुटका होती. नुबियाच्या जिभेवर ते आलंही होतं. पण असल्या रस्त्यावर, सुटकेसाठी, खोटं म्हणून पहिल्यांदा उच्चारायचा शब्द होता का तो?

“त्यांनाच विचारा,” ती म्हणाली.

मग एलियेसर बोलला, आणि आयुष्यात पहिल्यांदा इतक्या मोठ्याने बोलला की मिरवणुकीतल्या ट्रकवरचे बँडवालेही वाजवायचे थांबले.

“अजून कुणी नाही लागत. पण... नवरा व्हायचंय मला. ही काट्यावर चढली त्या दिवसापासून. रोज सांगणार होतो, आणि रोज चेनचं तेल मध्ये यायचं. तिची हरकत नसेल, तर... साहेब, गाडी नका नेऊ. दंड मला करा. तिला सोमवारी वर जायचंय.”

पोलीस डोकं खाजवू लागला. “व्हायचंय, हे कागदात बसत नाही हो.”

“एलियेसर,” नुबिया वळून न बघता म्हणाली, “उतर.”

तिने त्याला ‘उतर’ म्हटलं, ‘उतरा’ नाही, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. तो उतरला. चेहरा पडलेला, चष्मा घसरलेला.

“आता मागे कुणी आहे, साहेब?”

“नाही.”

“मग जाऊ?”

पोलिसाने रिकाम्या सीटकडे पाहिलं, कागद घडी करून खिशात घातला आणि हात हलवला. नुबियाने क्लच सोडला, आणि भर चढावर, साऱ्या गावादेखत, एकटी, एकदाही न अडखळता वर गेली.

पाद्रीबाबांनी निळीवर पाणी शिंपडलं, थोडं नुबियावरही उडालं. तिने गाडी झाडाखाली लावली आणि उभी राहिली. ट्रक आले, जीपगाड्या आल्या. सगळ्यांच्या मागून, घामाने निथळत, कुणाचे तरी फुगे चेहऱ्यावरून बाजूला करत एलियेसर आला. चार पावलांवर थांबला. त्याला बोलायला दम उरला नव्हता.

“खाली भोंगे फार वाजत होते,” नुबिया म्हणाली. “तिथे उत्तर दिलं असतं तर तुला ऐकू गेलं नसतं. म्हणून तुला वर यायला लावलं.”

“काय... उत्तर...”

“हो.”

त्याला पहिल्यांदा समजलंच नाही. मग खांदे हलायला लागले, तेच ते बिनआवाजाचं हसू, आणि डोळ्यांतून पाणी. नुबियाने आपल्या रुमालाने त्याचा चष्मा पुसला आणि नीट त्याच्या नाकावर बसवला.

“पण सोमवारी मी वर जाणार. आणि रोज जाणार. चालेल?”

“चालेल.”

तो आनंदाने निळीकडे वळला आणि मागच्या सीटवर टांग टाकू लागला. नुबियाने त्याची कॉलर धरली.

“अंहं. साहेब खाली उभेच आहेत. लग्न होईपर्यंत तू पायीच.”

एलियेसरने उतरत गेलेल्या रस्त्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

“मग लग्न लवकर करू,” तो म्हणाला. “चढ फार आहे.”