पंधरा दिवस अडवलेलं पत्र

तो माझ्या खिडकीशी आला तो चुकून. लिफ्टमधून एक मजला आधीच उतरला होता.

"फुंकर मारायची तपासणी इथेच का?" त्याने मास्कमागून विचारलं.

"इथे नुसते कागद असतात," मी म्हटलं. "फुंकलंत तर मला वेचत बसावं लागेल."

तो हसला. मास्कवाल्यांचं हसू डोळ्यांत शोधावं लागतं, याचं शोधावं लागलं नाही. तपासणी आटोपून तो परत आला, खिडकीपुढच्या स्टुलावर बसला, आणि मग दर महिन्याला बसायलाच लागला.

आमच्या विभागात फुप्फुसं बदललेले रुग्ण येतात. याला कबुतरांचा भारी नाद. गच्चीवर साठ कबुतरं पाळलेली. त्यांच्या पिसांची आणि विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून आत गेली आणि याची फुप्फुसं कडक होत गेली. शेवटी जिनाही चढवेना. मग कुठल्याशा इस्पितळात एका माणसाचा मेंदू मृत झाला, त्याच्या बायकोने अवयवदानाला होकार दिला, आणि आमच्या कबुतरवाल्याला – विभागात सगळे त्याला तेच म्हणत – श्वास मिळाला. बदललेल्या फुप्फुसांचा भरवसा मात्र साधारण पाच-सहा वर्षांचाच.

देणारा कोण आणि घेणारा कोण, हे दोन्ही घरांना कळू द्यायचं नाही, असा नियम आहे. पत्रं मात्र लिहिता येतात. त्याची जाणारी पत्रं आमच्या मोठ्या बाई तपासत, त्याला येणारी मी. शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं, कुठे नाव-गाव आलं असेल तर खोडायचं आणि मग हातात द्यायचं.

पत्रं लिहायची ती दात्याची बायको. अक्षर गोल, ओळी सरळ, भाषा अशी साधी की दोष काढायलाही जागा नाही.

"किती छान लिहितात ना या?" तो म्हणायचा.

"शुद्धलेखन बरं आहे," मी म्हणायची.

"तुमचं तोंड का आंबट झालं?"

"जन्मतःच तसं आहे."

माझा नुसता जळफळाट व्हायचा. बसायचा माझ्यासमोर, चेष्टा माझी करायचा, पण छातीत श्वास तिच्या नवऱ्याचा. तिच्याशी कशी बरोबरी करणार? ज्या बाईने आपलं माणूस गमावून याला जगवलं, तिच्यावर जळायचं म्हणजे हद्दच झाली. मला माझीच लाज वाटायची. पण लाज वाटली म्हणून पोटात दुखायचं थांबत नाही.

त्या महिन्यात तिचं पत्र आलं. पहिलीच ओळ होती – 'तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर हो आहे.'

पुढे वाचायची माझी छाती झाली नाही. पुरुष बाईला असं काय विचारतो, ज्याचं उत्तर हो असतं? मी पत्राची घडी घातली आणि खणात तळाशी सारली.

तासाभराने तो आला. "पत्र?"

"नाही आलं."

"नक्की?"

"मी कशाला खोटं बोलू?" चोराच्या मनात चांदणं, म्हणून जरा जास्तच ठसक्यात म्हटलं मी.

तो नेहमीसारखा टेकला नाही. "मी नको ते विचारलं त्यांना," एवढंच म्हणाला आणि गेला.

पंधरा दिवसांनी दुपारी कळलं, की त्याच्या फुंकण्याच्या तपासणीतला आकडा घसरलाय. शरीर नव्या फुप्फुसांना परकं समजून झिडकारत असेल, अशी डॉक्टरांना शंका होती. त्याला दाखल करून घेतलं होतं. पत्र अडवल्याने आकडा घसरत नाही हे मला कळत होतं. पण तो मनातून खचलाय, हेही कळत होतं, आणि ते माझ्यामुळे होतं. मी आधी मोठ्या बाईंकडे जाऊन सगळं कबूल केलं, मग पत्र घेऊन वॉर्डात गेले.

नाकाला नळी लावून तो बसला होता.

"पत्र आलं होतं," मी म्हटलं. "त्याच दिवशी. मी दाबून ठेवलं."

"का?"

"जळले म्हणून."

"पंधरा दिवस," तो म्हणाला. "तुमच्याकडे असतील हो दिवस पुष्कळ..."

मी पत्र त्याच्यापुढे धरलं, त्याने घेतलं नाही.

"पूर्ण वाचलंत?"

"पहिली ओळ."

"पूर्ण वाचायचं काम आहे ना तुमचं? मग वाचा. मोठ्याने."

मी वाचायला लागले. "'तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर हो आहे. पाच-सहा वर्षांचाच भरवसा असलेल्या माणसाने एखाद्या मुलीला मागणी घालावी का? जरूर घालावी. मला माझ्या नवऱ्याबरोबर एकोणीस महिने मिळाले. तेवढेच मिळणार हे लग्नाच्या दिवशी कुणी सांगितलं असतं, तरी मी मागे फिरले नसते. तिच्या वतीने तुम्ही परस्पर नाही म्हणू नका. खिडकीतली ती मुलगी हे पत्र तुमच्याआधी वाचेल, असं तुम्ही लिहिलंत. वाचत असेल तर...'"

अक्षरं मला दिसेनात.

"तोंडाने सांगायचं धाडस नव्हतं," तो म्हणाला. "म्हटलं, उत्तर आधी तुमच्याच हातात पडेल... वाचाल आणि समजून घ्याल. त्या दिवशी तुम्ही 'नाही आलं' म्हणालात, तेव्हा वाटलं, माझ्या प्रश्नाने त्या बाईंना वाईट वाटलं असणार." तो थांबला. "मी रागावलोय तुमच्यावर."

"माहीत आहे. पत्रांचं कामही काढून घेतलंय माझ्याकडून."

"बरं झालं. लायक नव्हतातच."

"नव्हतेच."

"उद्या अहवाल येईल. वाईट आला तर?"

"वाईट अहवालवाल्याशी लग्न करीन."

"मी अजून विचारलेलं नाही."

"मग विचारा. पंधरा दिवस मी घालवले, पुढचे तुम्ही घालवू नका."

"राग दोन दिवस तरी जायचा नाही माझा."

"राहू दे. मी बसते इथेच." मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

मग त्याने विचारलं. नळीतून हवा ओढत, मध्ये दोनदा दम खायला थांबून. मी घाई केली नाही. सगळं ऐकून घेतलं, शेवटच्या शब्दापर्यंत, आणि मग हो म्हटलं.